फोनची पायरी

सोमवारी ऑफिसात पाऊल टाकलं आणि भिंतीवर माझं नाव दिसलं. शनिवारपर्यंत तिथं येडेश्वरी देवीचं कॅलेंडर होतं. आता एक लांबरुंद पांढरा कागद, त्यावर चौकटी, आणि एका चौकटीतून दुसरीत जाणारे निळे बाण. लेख आला. नोंद. परीक्षकांकडे. दुरुस्ती. मग एक चौकट, तिच्यात नुसतं ‘दैवशाला’. पुढं जुळणी, पुढं वेबसाईट. माझ्या चौकटीभोवती लाल पेनानं दोनदा गोल काढलेला आणि खाली लिहिलेलं, सरासरी अकरा दिवस. मी चपला काढायच्या विसरून तशीच उभी राहिले. बाकी सगळ्या चौकटींना कामाची नावं होती. नोंद मल्लेश करतो, त्याचं नाव नव्हतं. जुळणी रुद्रम्मा करते, तिचं नव्हतं. मी तेवढी नावानिशी सापडले, कारण मी तिथं काय करते ते कागद काढणाऱ्याला एका शब्दात सांगता आलं नसावं. मलाही आलं नसतं, ही गोष्ट वेगळी. आमच्या खालच्या मजल्यावर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथं कुणीतरी लोखंडावर लोखंड ठोकत होतं आणि प्रत्येक ठोक्याला तो कागद भिंतीवर जरासा थरथरत होता.

“ताई, रागावू नका हं,” हर्षाली मागून म्हणाली. “तुमच्यावर काही नाही. कुठं तुंबतंय तेवढंच दाखवलंय.”

हर्षाली म्हणजे प्रकाशनाचे मालक इंद्रजित सरांनी तीन महिन्यांपूर्वी कामाची घडी बसवायला आणलेली मुलगी. मूळची भूमची, पुण्याच्या मोठ्या कंपनीत राहून आलेली. हुशार आहे, कुणाला टाकून बोलत नाही, सकाळी आल्यावर मलाच आधी चहा विचारते. तिच्यावर रागवावं असं तिच्यात काही नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तुंबतंय म्हणे. तुंबणं म्हटलं की मला मोरी दिसते, भाताची शितं, केसांचा गुंता, आणि वर बांगड्या सरकवून त्यात हात घालणारी बाई. लग्नानंतरची बावीस वर्षं घरात तुंबलं की हात मीच घातलाय. आणि इथं तुंबवणारी कोण, तर तीही मीच. मी टेबलाशी जाऊन बसले. टेबलावर बावीस लेखांचा गठ्ठा होता. मी नेहमी कागदावर काढून वाचते, पडद्यावर मला खोटं दिसत नाही. त्या गठ्ठ्याकडं मी त्या दिवशी पहिल्यांदा तुंबलेल्या पाण्यासारखं बघितलं आणि मला माझीच चीड आली.

बारा वर्षांपूर्वी सरांनी पहिलं त्रैमासिक काढलं तेव्हा ऑफिसात सर, मी आणि एक पंखा एवढेच होतो. लेख पोस्टानं यायचे. अंक निघाला की मी तो सुतळीनं बांधायची, पत्ते चिकटवायची आणि पोस्टात टाकून तशीच भाजी घेऊन घरी जायची. आता आमच्या सतरा संशोधन पत्रिका आहेत. शेतीची वेगळी, इतिहासाची वेगळी, समाजशास्त्राच्या दोन. लातूर-नांदेडचं जाऊ द्या, पार ओडिशाहून लेख येतात. ज्याला बढती पाहिजे त्याला छापलेला लेख पाहिजे, आणि बढती कुणाला नको असते? वाढलं ते वाईट झालं असं मी म्हणत नाही. सर म्हणतात, ताई, पसारा झालाय, आवरायला पाहिजे. आवरायला पाहिजेच. एकच लेख दोन परीक्षकांकडं दोनदा गेलेला मी बघितलाय, आणि एका मेलेल्या गृहस्थांना आमची आठवणपत्रं सहा महिने जात होती. हर्षालीनं ते सगळं सुतासारखं सरळ केलं. मी तिला मनातून शाबासकीही दिली होती. पण आवरता आवरता माणूस कुठपर्यंत आवरत जातो, ते दुसऱ्याचा कोपरा आवरून होईपर्यंत कळत नाही.

माझ्या टेबलावर लेख सगळ्यांत शेवटी येतो. परीक्षकांनी बरा म्हटलेला असतो, दुरुस्त्या झालेल्या असतात. मी तो सावकाश वाचते आणि त्यातलं एक वाक्य शोधते, जे स्वतः जाऊन बघितल्याशिवाय, उन्हात उभं राहिल्याशिवाय कुणी लिहिलं नसतं. मग लेखकाला फोन लावते आणि ते वाक्य मुद्दाम चुकीचं दुरुस्त करते. सर, इथं तुम्ही अमुक लिहिलंय, तमुक पाहिजे ना? बस्स, एवढंच. ज्यानं लेख लिहिलाय तो भांडतो. कितीही गरीब स्वभावाचा असू द्या, त्या एका वाक्यासाठी तो अंगावर येतो. आणि ज्यानं लिहिलेला नसतो, कुणाकडून लिहून घेतलेला असतो, तो म्हणतो, करून टाका. तुम्हाला योग्य वाटंल ते करून टाका, मॅडम. लई गोड बोलतात ही माणसं. ही युक्ती मी डोकं लढवून काढली नाही. नऊ वर्षांपूर्वी एका लेखातला आकडा मीच उलटा वाचला आणि चूक काढायला फोन लावला, तर ते गृहस्थ म्हणाले, करून टाका की. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आकडा बरोबर होता. चूक माझी होती आणि त्या माणसाला स्वतःच्या लेखातलं बरोबर काय तेच ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मी एकही लेख फोनशिवाय पुढं सोडला नाही. एक सोडून.

अकराला हर्षाली खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. “ताई, मला दाखवाल? म्हणजे मला नीट लिहून काढता येईल.” मी तिला दाखवलं. पहिला फोन लागलाच नाही. दुसरा भूमजवळच्या वाशीकडच्या एका भूगोलाच्या मास्तरांचा होता, लेख विहिरींच्या मातीवर. मी म्हणाले, “सर, पान सहावर तुम्ही मुरूम पिवळा लिहिलाय. तांबडा पाहिजे ना?” ते उसळलेच, “काय बोलायलाव मॅडम? पंधरा हिरींत उतरलोय म्या. कंबरंला दोर बांधून उतरलोय. एक बी तांबडा न्हाय. छापायचं तर पिवळा छापा, न्हायतर ऱ्हाऊ द्या.” मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना चहाला या म्हणाले. तिसरा फोन एका बाईंचा, तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कामावर आठ दिवस बसून लिहिलेला लेख. वाती वळताना बायका गाणी म्हणतात असं करू का, विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो न्हाय हो. गप बसून वळतात त्या. मला आधी तेच खटकलं, म्हणून तर लेख लिहिला.” हर्षालीनं वहीत लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं, लपवणाऱ्यातली ती नाही. तीन फोन, पन्नास मिनिटं, निष्पन्न काही नाही.

“दोघंही खरे निघाले ना, ताई,” ती म्हणाली.

“खरे निघाले हे निष्पन्न न्हाय का?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. तिनं वहीतलं ते खोडलं नाही.

मग सर केबिनमधून बाहेर आले. सरांचा स्वभाव असा की नको असलेलं बोलायचं असलं की आधी चष्मा पुसतात. चष्मा पुसत म्हणाले, “ताई, बघा, तुमची पायरी मला मोडायची न्हाय. पण दीडशे लेख महिन्याला, अकरा-अकरा दिवस. लोक दुसरीकडं जायलेत. हर्षालीचं सॉफ्टवेअर कॉपी पकडतंय, दोन मिनिटांत. तुम्ही मला एकच उदाहरण दाखवा. सॉफ्टवेअर ज्याला हिरवं, म्हणजे स्वच्छ म्हणतंय, आणि फोनवर ज्याचं पितळ उघडं पडलंय. एकच. तीनला बसू. न्हायतर उद्यापासून फोन बंद. तुम्हाला नोंदीला घेतो, तुमच्या पगाराला हात लावत न्हाय.”

उदाहरण. नऊ वर्षांत माझ्याकडं सदतीस उदाहरणं झाली आणि एकाचाही कागद नाही. कारण ‘करून टाका’ म्हणणाऱ्याला मी कधी धरून ठेवलं नाही. मी एवढंच म्हणायची, सर, लेख जरा थांबवू या का? तुम्हीच परत मागून घ्या, कारण लिहू नका. दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र यायचं, काही घरगुती अडचणीमुळे लेख मागे घेत आहे. मी फाईल काढून टाकायची आणि विसरून जायची. इथं सगळे एकमेकांचे सोयरे. उद्या कुणाच्या तरी लग्नात त्याच माणसाच्या शेजारी पंगतीला बसायचं असतं, त्याची बायको आपल्याला हळद-कुंकू लावणार असते. माणसाची झाकली मूठ झाकलेली राहू द्यावी, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, ते इथल्या पाण्यातच आहे. आता ती सदतीस माणसं घरोघर सुखात होती आणि मी रिकाम्या हातानं सरांपुढं उभी होते. सरांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, ताई, तुमचं खरंय, पण कागद कुठाय?

कागद एकाचा होता. फक्त त्या एकाला मी फोन केला नव्हता.

शुक्रवारी हर्षालीनं जुने सगळे अंक सॉफ्टवेअरमधून काढले, नव्या वेबसाईटवर चढवायच्या आधी. ती जेवायला गेली तेव्हा मी तिच्या पडद्यावर जाऊन एकच ओळ बघितली. लेख क्रमांक दोनशे बारा. साम्य चार टक्के, हिरवा. मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मशीन खोटं बोलत नव्हतं. तो लेख कुणाची नक्कल नव्हताच. तो लेख माझा होता. वर नाव वैजनाथचं, माझ्या नवऱ्याचं.

लग्नाआधी मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. येरमाळ्याला चैत्रात येडेश्वरीची यात्रा भरते आणि माणसं रानातले चुनखडीचे खडे वेचून देवीसाठी एका जागी टाकतात, त्यावर. तीन चैत्र मी वही घेऊन त्या रानात हिंडले. ऊन असं की खडे पांढरे आणि डोळ्यांपुढचं सगळंच पांढरं. तिथं मला म्हाळसाबाई भेटली. जन्मभर मेंढरं राखलेली म्हातारी, कपाळावर मळवट, वाकून वाकून खडे वेचत होती आणि वेचत होती डाव्या हातानं. उजवा नुसता गुडघ्यावर ठेवलेला. मी विचारलं, आजी, देवीच्या कामाला डावा हात? ती माझ्याकडं मी अगदीच अडाणी असल्यासारखी बघत राहिली. म्हणाली, “उजव्याचं समदं बरं चालतंय, पोरी. त्यो जेवतुया, त्यो वाढतुया, त्योच पाया पडतुया. डाव्याच्या वाट्याला काय, तर धुणं आन् पुसणं. वर्साचा एक दिस त्याला बी देवीचं काम नगं का?” मी ते तिथंच उभ्यानं वहीत उतरवलं. घाम कागदावर पडून ‘डाव्या’ शब्दाची शाई पसरली होती, ती वही अजून आहे. दुसऱ्या कुणी असं वेचत नव्हतं, कुणी असं सांगितलं नव्हतं. ते त्या एका बाईचं होतं, आणि माझ्या सगळ्या प्रबंधात तेवढं एकच वाक्य मला माझ्या जन्माला पुरेल असं वाटलं होतं. मग लग्न झालं, पोरगी झाली, सासूबाई पाच वर्षं अंथरुणावर होत्या. विद्यापीठाचं पत्र आलं की मुदत संपली. मी ते पत्र वहीत घातलं, वही ट्रंकेत घातली आणि ट्रंक पलंगाखाली सारली.

वैजनाथ वाईट माणूस नाही. हे मी कुणाला पटवून देण्यासाठी म्हणत नाही, तसंच आहे. भूमकडच्या एका कॉलेजात शिकवतो, रोज एसटीनं जातो-येतो, सकाळचं पाणी तोच भरतो, माझ्या अंगात कणकण असली तर भाकरीसुद्धा थापतो, जाड थापतो पण थापतो. चार वर्षांपूर्वी त्याच्या बढतीच्या फाईलीत एक लेख कमी पडला. पंधरा दिवस तो कोऱ्या पडद्यापुढं बसला. त्याला सुचत नव्हतं आणि सुचत नाही हे म्हणता येत नव्हतं, मग चहात साखर कमी आहे म्हणून तो आदळआपट करायचा. एका रविवारी म्हणाला, तुझं ते येरमाळ्याचं पडलंय न्हवं का? पडलंय. शब्दात खोट काढायला जागा नव्हती, ते पडलेलंच होतं, पलंगाखाली. ट्रंक मीच ओढली, टाईप मीच केलं. खाली तुझं नाव टाकू का, हेही त्यानं विचारलं. मीच नको म्हणाले. आमच्या पत्रिकेत ऑफिसात काम करणाऱ्याचा लेख घेत नाहीत, तो नियम सरांनी माझ्याच हातानं लिहून घेतला होता. मग परीक्षकांचं बरं मत घेऊन तो लेख रीतीप्रमाणे माझ्या टेबलावर आला. मी फोन उचलला, नंबर निम्मा फिरवला आणि ठेवून दिला. स्वतःच्या नवऱ्याला काय फोन करायचा, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. तो काय म्हणेल याची मला भीती वाटली होती. अंक निघाला तेव्हा त्यानं कुंथलगिरीचे पेढे आणले. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, झालं बुवा एकदाचं.

त्यानं तो लेख वाचला का? चार वर्षं मला हे एकच कोडं पडलंय आणि मी ते विचारलेलं नाही. वाचला असेल असं मी धरून चालते. बढतीच्या मुलाखतीला जाताना एसटीत तरी वाचला असेल, दीड तासाचा रस्ता आहे. गेल्या चैत्रात आम्ही दोघं येरमाळ्याला गेलो होतो. मी त्याच्या शेजारी बसून मुद्दाम डाव्या हातानं खडे वेचत राहिले. चांगले वीस-पंचवीस वेचले. तो उजव्यानं वेचत होता, कसल्यातरी सुट्टीच्या अर्जाबद्दल बोलत होता. एकदा माझ्या हाताकडं त्यानं बघितलं. मी थांबले. तो म्हणाला, हात दुखतोय का गं?

दुपारी डबा उघडला आणि शेवग्याच्या शेंगा तशाच ठेवून झाकला. काय करायचं होतं मला? सरांना सांगितलं असतं की उदाहरण आहे, दोनशे बारा, तर फोनची पायरी राहिली असती आणि घर राहिलं नसतं. सर आमच्या घरी कितीदा जेवलेत, वैजनाथला सर म्हणून हाक मारतात. लेख मागं घ्यावा लागला असता, बढतीच्या फाईलीपर्यंत बोभाटा गेला असता, आणि चोर एकटा तो थोडाच होता. दार मी उघडून दिलं होतं. नऊ वर्षं मी लोकांना पारखत बसले आणि माझ्या घरातलं नाणं तेवढं न वाजवता गल्ल्यात टाकलं. मग फोनच्या पायरीसाठी भांडायचा मला हक्क तरी काय? जाऊ दे, नोंदीला बसू. नाव, पत्ता, दिनांक. डोक्याला ताप नाही, घरी वेळेत. असं मी जवळजवळ ठरवलं होतं. पावणेतीनला हर्षाली स्टुलावर चढली आणि पांढऱ्या शाईनं भिंतीवरच्या कागदावरचं माझं नाव झाकायला लागली. फार हलक्या हातानं, काळजी घेऊन करत होती. नाव गेलं, लाल गोल गेला, अकरा दिवस गेले. मग तिनं निळं पेन घेतलं आणि दुरुस्तीपासून जुळणीपर्यंत सरळ बाण ओढला, ओल्या पांढऱ्यावरून, माझ्यावरून. वळून मला म्हणाली, “ताई, सध्या तात्पुरतं हं. तीनला बोलूच.” मी चिठ्ठीचा कागद घेतला आणि लिहिलं. आधी वैजनाथचा मोबाईल नंबर, मग वाक्य, मग चुकीची दुरुस्ती. खरं सांगायचं तर ते लिहिताना माझ्या मनात फोनची पायरी नव्हतीच. माझ्या मनात असं होतं की तो भांडेल. न्हाय मॅडम, डावाच, म्हणेल. मग माझं उदाहरण पडेल, पायरी जाईल, मी जन्मभर नोंदी करीन, आणि मी ते सगळं आनंदानं करीन.

तीनला केबिनमध्ये सर, हर्षाली आणि मी. मी चिठ्ठी हर्षालीपुढं सारली.

“तूच लाव. माझा आवाज नको. स्पीकरवर लाव.”

“कुणाचा आहे? लेख उघडू आधी?”

“नंतर उघड. आधी नाव बघितलं की आवाजात येतं. लेख जुना आहे, वेबसाईटवर चढवायच्या आधी दुरुस्ती विचारतोय म्हण.”

तिनं ऑफिसच्या मोबाईलवरून नंबर लावला. चार वेळा वाजला. मागं भूमच्या स्टँडचा गलका आला, कुठलीतरी गाडी लागल्याचं कुणी ओरडत होतं, म्हणजे आज तो लवकर निघाला होता. मग, “हां, बोला.” घरातला आवाज नव्हता तो. परक्या माणसाशी बोलायचा त्याचा आवाज वेगळा आहे, जरा रुंद, जरा सावकाश. मी तो फार दिवसांनी ऐकला आणि क्षणभर मला तो आवडलाही.

“नमस्कार सर, प्रकाशनाकडून बोलते,” हर्षाली म्हणाली. “तुमचा येरमाळ्याच्या यात्रेवरचा लेख आहे ना, तो आता वेबसाईटवर घेतोय. त्यात एक शंका होती. एक म्हातारी बाई चुन्याचे खडे डाव्या हातानं वेचते असं लिहिलंय. उजव्या हातानं पाहिजे ना?”

मी टेबलाची कड धरली होती. डाव्याच हातानं, हे मला नंतर दिसलं. स्टँडवर गाडीचं इंजिन घरघरत होतं. तो थांबला, आणि तो थांबला तेवढ्यात मी चार वर्षांचं सगळं माफ करून टाकलं, पेढा, पडलंय, हात दुखतोय का, सगळं.

“डावा?” तो म्हणाला. “देवीचं काम डाव्या हातानं कोण करतंय, मॅडम? टायपिंगची चूक असंल. उजवा करून टाका.”

“नक्की ना, सर?”

“करून टाका की. तुम्हाला योग्य वाटंल ते बघा. काय अडचण न्हाय.”

हर्षालीनं आभार मानून फोन ठेवला. तिचे डोळे चमकत होते. ती खरंच खूश झाली होती, हरल्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. “ताई, असं असतं होय हे? किती गोड बोलले. आणि सॉफ्टवेअरनं ह्याला हिरवं दिलंय? थांबा, बघतेच. नंबर काय लेखाचा?” मी म्हणाले, दोनशे बारा. ती पडद्याकडं वळली. सर माझ्याकडं बघत नव्हते. ते टेबलावरच्या त्या बंद फोनकडं बघत होते आणि चष्मा पुसत होते. तो आवाज सरांच्या ओळखीचा होता. आमच्या ओट्यावर बसून त्या आवाजाशी त्यांनी कितीदा पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्यात.

“ताई,” सर म्हणाले.

तेवढ्यात माझ्या मांडीवरच्या पिशवीत माझा मोबाईल वाजला. कुणाचा ते बघायची गरज नव्हती. मी उचलला आणि कानाला लावला. तो घरातल्या आवाजात बोलत होता, घाईघाईनं, गाडीत चढता चढता. “अगं, तुमच्या हापिसातनं फोन आलता आत्ता. कोण नवीन पोरगी हाय का? ते डावं-उजवं कायतरी विचारत होती. मी उजवा करा म्हणलो. बरोबर हाय ना?”

“न्हाय,” मी म्हणाले. “डावा.”

“डावा? का?”

चार वर्षांत त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं. पलीकडं कंडक्टरनं घंटी ओढली. हर्षालीच्या पडद्यावर लेख उघडला होता, ती वरचं नाव वाचत होती, आणि वाचता वाचता तिनं हळूच माझ्याकडं मान वळवली. सरांनी चष्मा घातला. मी फोन कानाला तसाच धरला आणि म्हाळसाबाई काय म्हणाली होती ते त्याला पहिल्यापासून सांगायला लागले.